पातोडी कोणाच्या हातची

आम्रपालीला बोलता येत नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते साफ खोटं. घरी ती आईचं, तुळसाबाईचं, डोकं उठेपर्यंत बोलायची. पण खैरलांजीकडच्या आपल्या खेड्यातून ती मध्य प्रदेशातल्या बालाघाटला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली आणि तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. वर्गात सगळा कारभार हिंदीत, तोही भरभर. हजेरीला नुसतं ‘यस मॅडम’ म्हणायचं तरी तिच्या तळहाताला घाम सुटायचा. तिच्या आधी गावातल्या दोघी अशाच शिकायला आल्या होत्या. दिवाळीला घरी गेल्या त्या परतल्याच नाहीत. तिला बसमध्ये बसवताना वडील डोमाजी एवढंच म्हणाले होते, की तू तरी टिक.

ती टिकली ती मंजूमुळे. मंजू शेजारच्या गावची, बऱ्या शेतीवाडीच्या घरची, आणि जिभेला हाड नसलेली. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. मंजूने तर आम्रपालीचीही विकून दिली. आम्रपालीला उत्तर येतं हे मॅडमना सांगायची ती, कँटीनमध्ये तिच्यासाठी समोसा मागायची ती, मुलींच्या घोळक्यात तिला हाताला धरून ओढून न्यायचीही तीच. दोघींनी बसस्टँडमागे एक खोली घेतली होती. मंजू नसती तर आम्रपालीने पहिल्याच महिन्यात पेटी बांधली असती, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

खोली लावून द्यायला मंजूची आई शांताबाई आली होती. तिने आम्रपालीचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला तेही विचारलं. मग जरा थांबून गोड आवाजात म्हणाली, की स्वयंपाक आमची मंजूच करेल, तू आपला अभ्यास कर बाई. आम्रपालीला भरून आलं. परक्या गावात कोणीतरी आपल्या अभ्यासाची काळजी करतंय! बौद्धाच्या पोरीला असल्या गोड बोलण्याचा अर्थ समजत नाही असं नाही. गावात तिने तो चांगला बघितला होता. पण मंजूच्या बाबतीत तिला तो लावायचाच नव्हता.

आता मंजूचा स्वयंपाक म्हणजे आनंदच. भात एक तर कच्चा, नाही तर करपलेला. चारच दिवसांत गॅस आम्रपालीकडे आला. घरच्या चिन्नोर तांदळाचं पोतं मंजूचं, हात आम्रपालीचे. मम्मीला सांगू नको, एवढं मंजूने बजावलं. आम्रपालीला वाटलं, आळशीपणाबद्दल शिव्या बसतील म्हणून घाबरते बिचारी. मग तो दोघींचा खेळच झाला. शांताबाईचा व्हिडिओ कॉल आला की मंजू पळत येऊन झारा हातात घ्यायची आणि आम्रपाली ओढणी तोंडात कोंबून दाराआड हसायची. अख्ख्या बालाघाटात ती मोकळेपणी हसत असेल तर तेवढ्यापुरतीच.

संक्रांतीनंतर शांताबाई न कळवता आली. आम्रपालीने नुकतीच पातोडी केली होती. शिजवून थापलेल्या बेसनाच्या वड्या, वर झणझणीत रस्सा, तुळसाबाईने शिकवलेला. मंजूने लगबगीने आईला ताट वाढलं. शांताबाई प्रवासातून भुकेली आलेली. तिने रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

“पोरीच्या हाताले चव आली माह्या,” ती म्हणाली. “आता कोण्याही घरी द्याले हरकत नाही.”

आम्रपालीला हसू आवरेना. तिच्या भाजीला कोणी इतकं नावाजलं नव्हतं. शिवाय समोर काकू, आपल्याच बोलीत बोलणारी, आपल्याच आईसारखी बोटं चाटणारी. इतके महिने लागलेलं कुलूप कसं निघालं ते तिलाच कळलं नाही.

“काकू, तिले तं गॅसही पेटवता येत नाही,” ती मंजूकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली. “पातोडी मीच केली. रोज मीच करतो.”

शांताबाईचा घास तोंडातच राहिला. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. शांतपणे उठून बाहेरच्या नळावर गेली, घास थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली. मग मंजूला बाहेर बोलावून घेतलं. आम्रपाली उष्ट्या ताटापुढे बसून राहिली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

मंजू आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आम्रपालीला वाटलं, ही आईच्या वतीने माफी मागणार.

“इतके महिने तोंड उघडलं नाही,” मंजू म्हणाली, “आजच काहून उघडलं?”

त्याच आठवड्यात मंजूचं सामान नातेवाइकांच्या ओळखीतल्या दुसऱ्या खोलीवर गेलं. वर्गात तिने बाक बदलला. आम्रपाली मात्र घरी गेली नाही. पेटी बांधायची हिंमत नव्हती म्हणा, की बापाला कारण काय सांगायचं हे सुचेना म्हणा, ती राहिली. एकटीच्या भाकरीपुरतं पीठ मळायची आणि कॉलेजला जायची.

या दोघी आता वेगवेगळ्या बसतात, हे मॅडमच्या ध्यानात आलं. बाई स्वभावाने चांगल्या. दोघींना व्हरांड्यात थांबवून त्यांनी विचारलं. उत्तर अर्थात मंजूने दिलं. आम्रपालीच्या वतीने बोलायची तिची सवय अजून गेली नव्हती.

“मॅडम, इसका स्वभाव ही ऐसा है. किसी से मिलती-जुलती नहीं.”

मॅडमनी आम्रपालीच्या खांद्यावर हात ठेवला. इतकं लाजून कसं चालेल, मनात जे असेल ते मोकळेपणी बोलायला शिकलं पाहिजे, असं बरंच काही त्या मायेने समजावत राहिल्या. आम्रपालीने ते सगळं खाली मान घालून ऐकलं. मग मान वर केली.

“मॅडम, मेरे हाथ का खाना इसकी मम्मी ने थूक दिया.” शब्द एकेक करून सगळे निघाले. “हम बौद्ध हैं, इसलिए.”

मॅडमचा हात खांद्यावरून निघाला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

“बेटा,” त्या हळूच म्हणाल्या, “ये सब बातें कॉलेज में नहीं करते.”

आणि त्या पुढच्या तासाला निघून गेल्या.