इन्क्युबेटरवरची शेवंती

नव्वदच्या दशकात मी बंगळूरला एका संशोधन संस्थेत नोकरी करत होते आणि चिकपेटेमागच्या एका गल्लीत अण्णांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अण्णा शिंपी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या मागून इथे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं ते सांगत. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं होतं की पुण्याहून आल्यावर पहिले दोन महिने मी नुसती मान डोलावून भागवलं.

त्यांच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या. लिम्फोमा निघाला. औषधाने गाठी विरघळल्या, सहा महिन्यांत परत आल्या. आमच्या प्रयोगशाळेत नेमकं याच रोगावर काम चाललं होतं. मी याला योगायोग म्हणत असे. अण्णा म्हणत, "देवानं तुला वरच्या खोलीत उगाच पाठवली काय?"

काम असं होतं. शरीरात सैनिक पेशी असतात, पण गाठीतल्या पेशी घरच्याच असल्यामुळे सैनिक त्यांच्या शेजारून ओळख न दाखवता निघून जातात. आम्हाला दोन वेगवेगळे हात असलेली अँटीबॉडी बनवायची होती. एका हाताने ती सैनिक पेशीला धरणार, दुसऱ्याने गाठीतल्या पेशीला, आणि दोघींना समोरासमोर आणणार. बाकीच्यांना, शक्यतो, धक्का लागू नये.

"म्हणजे टाका," अण्णा म्हणाले. "दोन कापडं जोडणारा."

"हो. पण नेमका त्याच जागी बसायला हवा."

"त्यात नवीन काय? नाहीतर बाही गळ्याला लागते."

मला यापेक्षा चांगलं समजावता आलं नसतं, म्हणून मी थांबले. थांबायला नको होतं.

उंदराच्या दोन जातींच्या पेशी एकमेकींत मिसळून आम्ही ही अँटीबॉडी करवून घेत होतो. शेकडो मिश्रणं बिनकामाची निघाली. मग सत्तावीस नंबरचं मिश्रण निघालं. त्यातला द्रव थेंबभर टाकला की तबकडीतल्या गाठीच्या पेशी दुसऱ्या दिवशी फुटलेल्या दिसत आणि बाकीच्या धडधाकट. हे आम्ही दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायच्या आत संचालकांनी मंत्र्यांना बोलावलं.

मंत्र्यांना तबकडीत काही दिसेना. पेशी मंत्र्यांसाठी मोठ्या होत नाहीत. तेव्हा संचालकांनी पेशी गोठवायच्या टाकीतला द्रव नायट्रोजन परातीत ओतायला लावला. पांढरा धूर जमिनीवर पसरला, टाळ्या पडल्या, छायाचित्रं निघाली. दुसऱ्या दिवशी कानडी पेपरात बातमी होती: बंगळूरच्या प्रयोगशाळेत कर्करोगावर औषध, लवकरच. शास्त्रात 'लवकरच' म्हणजे किती, हे संचालकांना माहीत होतं.

अण्णांनी ती बातमी कापून शिलाई मशीनच्या वर टाचली.

"अण्णा, हे अजून उंदरांनासुद्धा दिलेलं नाही. माणसांना द्यायला दहा वर्षं लागतील, कदाचित जास्तच."

"मग मला उंदीर समज. लिहून घे माझ्याकडून."

"तसं चालत नाही."

"का? उंदीर तुमच्याकडं अर्ज करतात काय?"

अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून हसली आणि मग हसणं मध्येच थांबलं. मी तर्क सुरू केला: परवानगी, शुद्धता, मात्रा. अण्णा शांतपणे ऐकत होते, गिऱ्हाईक उशिराबद्दल तक्रार करताना ऐकावं तसे. शेवटी म्हणाले, "सरी, ठीक. स्वल्प वेळ लागंल, एवढंच ना." त्यांचा शर्ट तोवर दोन मापांनी ढगळ झाला होता. स्वतःचे कपडे लहान करायला त्यांना वेळ नव्हता की मन, ते मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंगळूरमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा होते. बसला केळीचे खुंट बांधतात, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, कार्यालयांच्या दारात कोहळा फोडतात. शास्त्रीय संस्थाही मागे नसतात. फुलांवर बुरशीचे कण असतात आणि पेशी वाढवायच्या खोलीत बुरशी शिरली की काम संपलं. म्हणून त्या खोलीच्या दारावर मी दरवर्षी माझ्या हाताने सूचना लावत असे: पूजा बाहेरच करावी. या विषयावरच्या माझ्या उपहासाला संस्थेत बऱ्यापैकी नाव होतं.

त्या सकाळी अण्णा जिना चढून आले. मध्ये दोनदा बसले, ते मला वरून ऐकू आलं. हातात पिवळ्या शेवंतीची माळ, त्यांनी स्वतः ओवलेली, शिंप्याच्या दुहेरी दोऱ्यात.

"ज्या मशीनमध्ये आमचं औषध वाढतंय, तिला घाल. बाहेरच्या कुठल्या नको. आणि दसरा होईपर्यंत काढायची नाही."

मी सत्य सांगू शकले असते. सत्य गेला महिनाभर सांगतच होते.

मी माळ घेतली. सगळे खाली कोहळ्याभोवती जमले असताना मी माझीच सूचना ओलांडून आत गेले आणि माळ इन्क्युबेटरच्या मुठीला बांधली. फुलं ओली होती. दसऱ्याच्या सकाळी पेशींना खाद्य द्यायला मी तीच मूठ धरून दार उघडलं.

पाचव्या दिवशी सत्तावीस नंबरच्या सगळ्या बाटल्यांत पांढरा कापूस तरंगत होता. गोठवलेल्या कुप्यांतून परत सुरुवात करता आली असती, पण मंत्र्यांच्या धुरानंतर टाकीत चार बोटं नायट्रोजन उरला होता आणि पुरवठादार सणानंतर येणार होता. म्हणून सत्तावीस नंबर अजून गोठवलाच नव्हता. चौकशीत एअर कंडिशनरवर ठपका आला. मी माळेबद्दल बोलले नाही.

अशी औषधं आता आहेत, दुसऱ्यांनी केलेली. तेव्हा सत्तावीस नंबर जगला असता तरी अण्णांपर्यंत पोचला नसता, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

घरी आले तेव्हा अण्णा खाटेवर पडून होते. मशीनवर कापड घातलेलं होतं. पेपरातली बातमी मात्र जागेवर होती.

"अण्णा, ते औषध गेलं. बुरशी लागली. आता पहिल्यापासून."

त्यांनी छताकडे, म्हणजे माझ्या खोलीकडे पाहिलं.

"माळ घातली होतीस?"

"हो."

"त्याच मशीनला?"

"त्याच."

"काढली नाहीस ना मध्ये?"

"नाही, अण्णा."

"मग सरी," ते म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. "तुझ्याकडून काही राहिलं नाही."