बांधलेला शब्द

कलकत्त्याच्या एका इंग्रजी सांजदैनिकात दिगंबर आठल्ये मथळ्यांचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत. उंच, अरुंद, जाडजूड काळी अक्षरं, अंगाला अंग घासून उभी. टोकाला नखरा म्हणून नाही. छापखान्यात त्यांना पलटण म्हणत. कुठे माणसं मेली की संपादक ओरडायचे, ‘‘दिगंबरबाबू, पलटण काढा!’’ केवढाही अनर्थ असो, पलटणीत तो एका ओळीत मावायचा. हीच तिची करामत.

वापरून झालेले खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, हा धंद्याचा नियम. पण शेहेचाळीसच्या दंगलीत ‘किल्ड’ हा शब्द इतक्यांदा लागला, की दिगंबरांनी कंटाळून तो सुटा करणंच सोडलं. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवून दिला. दंगल शमली, देश स्वतंत्र झाला, शब्द तिथेच राहिला. मथळा झटपट निघतो, याचं त्यांना कौतुकच होतं. माणसाला कौतुक करायला काहीही पुरतं!

एकदा जेवताना त्यांनी ही युक्ती बायकोला ऐकवली. शकुनचा घास हातातच राहिला.

‘‘अहो, असला शब्द का कुणी तयार करून ठेवतं? उद्याच्या उद्या सोडा तो दोरा. नुसता टपून बसलाय तिथे.’’

‘‘शिशाला काय कळतंय?’’ दिगंबर हसले. दोरा काही सुटला नाही.

पुढे एक्कावन्न साली विनायक नागपूरहून निघाला. हा दिगंबरांचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. कलकत्त्यातच गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत त्याला नोकरी लागली होती. गाडी संध्याकाळी हावड्याला पोचायची होती. शकुन सकाळपासून त्याच्या आवडीच्या करंज्या तळत होती. दिगंबर निघाले तशी ती दाराशी आली.

‘‘आज तरी तो शब्द मोडा हो.’’

‘‘बरं,’’ म्हणाले, आणि कामाच्या गडबडीत विसरले.

दुपारी तार आली. संपादक स्वतः धावत खाली आले. ‘‘नागपूरची गाडी रुळांवरून घसरली! बरीच माणसं गेलीत. पलटण काढा!’’

दिगंबरांचा हात सवयीने फळीकडे गेला. शब्द तयारच होता. त्यांनी गाठ सोडली आणि एकेक अक्षर खणात टाकायला सुरुवात केली.

‘‘अहो, काय करताय? छपाई खोळंबलीय!’’

‘‘नव्याने जुळवतो,’’ दिगंबर म्हणाले. ‘‘तेवढा वेळ द्या साहेब. माझा भाऊ आहे त्या गाडीत.’’

सगळी अक्षरं खणात गेली. मग दिगंबरांनी तीच पुन्हा एकेक करून उचलली.

अंक उशिरा निघाला. संध्याकाळी हावडा स्टेशनवर, वाचलेल्यांना घेऊन आलेल्या गाडीपाशी, दिगंबर गर्दीत विनायकला शोधत होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात त्यांची अक्षरं होती, लांबूनही वाचता येतील अशी.

विनायक काही आला नाही.