रामटेकचा उतार

सत्तरच्या दशकात आमच्याकडे एक लहानशी जुनी मोटार आली. चार माणसं बसली की पाचव्याला कोपर टेकवायलाही जागा नसे. ह्यांची नजर अधू, म्हणून चालवायची मी. मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. रामदासपेठेतून साडी नेसलेली बाई मोटार घेऊन निघाली की सायकलवाले मान वळवून बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गाडीत खोट एकच होती, पण ती ब्रेकची. सकाळी शाळेत जाताना ब्रेक चोख लागे. लांब कुठे जाऊन आलं की मात्र पाय थेट तळाला जाई, आणि पुन्हा पुन्हा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबे. मिस्त्रीकडे नेली. त्यानं ब्रेकचं तेल बदललं, चाकांतली रबरं बदलली, आणि ह्यांच्याकडे बघत म्हणाला, "साहेब, गाडीत काहीच नाही. मॅडम ब्रेकवर पाय ठेवूनच चालवून राहिल्या."

मी शेजारीच उभी होते.

अगदी तशीच गाडी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे होती. त्यांना विचारलं, तर ते जरा ओशाळले. "माझाही ब्रेक असाच बसतो. मिस्त्री म्हणाला, तुम्हाला चालवता येत नाही. मलाही ते पटलं होतं."

त्या हिवाळ्यात सासूबाईंना रामटेकला जायचं होतं. ह्यांना रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. दर्शन झालं, गड उतरू लागलो. वळणं एकामागून एक, पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या उतारावर पाय खाली गेला आणि खालीच राहिला. पुन्हा दाबला, काही नाही. समोर वळण, पलीकडे दरी.

घाबरायला वेळच नव्हता. गिअर खाली ओढला, आणखी खाली ओढला. इंजिन ओरडायला लागलं. हँडब्रेक थोडा थोडा खेचत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मातीच्या ढिगात चाक रुतलं आणि आम्ही थांबलो.

मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं, "काहून थांबली वं?"

"ब्रेक गेला, आई."

त्यांनी खिडकीतून दरीकडे डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "थांबवली ना तू? मंग झालं."

आम्ही कडेच्या दगडावर बसलो. सासूबाईंनी पदरात बांधलेले फुटाणे काढले, तोवर माकडं गाडीच्या टपावर येऊन बसली. बऱ्याच वेळानं माकडं हाकलून मी आत बसले आणि सहज ब्रेक दाबून पाहिला. तो दगडासारखा घट्ट होता.

मी तशीच बसून राहिले. गाडी तापली की ब्रेक जातो, निवली की परत येतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून तर त्याच्या जोरावर चाकं थांबतात. पण तेल उकळून त्याची वाफ झाली, तर वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. हे तर मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होते. प्रश्न एवढाच उरला, की तेल उकळतं कुठे?

चाक मातीतून मागे घेतलं, पहिल्या गिअरमध्ये गड उतरलो आणि सावकाश घरी आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या अंगणात दोन्ही गाड्या जॅकवर चढवल्या. पदर खोचून मी खाली वाकले. तेलाची नळी सायलेन्सरच्या तापणाऱ्या पाइपाला जवळजवळ चिकटून गेली होती. डॉक्टरांच्या गाडीतही तसंच.

दोन्ही गाड्या मिस्त्रीकडे नेल्या. मी नळीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. तो एका गाडीखाली शिरला, मग दुसरीखाली. बाहेर आला तो थेट माझ्याशी बोलला. "गाड्या तुमच्याकडे येण्याआधी ह्या दोन्ही नळ्या मीच टाकल्या होत्या मॅडम. जवळची वाट म्हणून तिकडून नेल्या. चूक माझी आहे." त्यानं दोन्ही नळ्या काढून दुसऱ्या बाजूनं नेल्या, तेल नवं भरलं.

पुढच्या रविवारी आमची गाडी पुढे आणि डॉक्टरांची मागे, अशा दोन्ही गाड्या आम्ही पुन्हा रामटेकला नेल्या. "तुम्ही घरी थांबा," असं मी सासूबाईंना सांगून पाहिलं, तर त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा.

उतरताना प्रत्येक वळणावर मी मुद्दाम ब्रेक लावला. प्रत्येक वेळी गाडी आज्ञाधारकपणे थबकली. जिथे माती उकरली गेली होती, तिथून पुढे गेलो, शेवटचं वळण घेतलं, आणि सपाट रस्त्यावर गाडी उभी केली. मागे डॉक्टर हॉर्न वाजवतच सुटले होते. एरवी ते फार सौम्य गृहस्थ.

सासूबाईंनी गडाकडे वळून पाहिलं. "मले आखीन एकदा वर ने वं," त्या म्हणाल्या. "देवासाठी नाही. उतारासाठी."

मी गाडी वळवली.