शून्य शेळ्यांची वाडी

"तीसपैकी तीस!" शलाका मॅडम म्हणाल्या आणि मी लगेच खालच्या टपरीवर चहा सांगितला. शुक्रवारची दुपार. सोमवारी भोर आणि वेल्ह्यात शेळ्यांना साथीची लस टोचायची होती. लस एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून कुठल्या वाडीला गाडी न्यायची ते आधीच ठरवतात. ती यादी यंदा पहिल्यांदाच एआय एजंटनं काढली होती.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. जनावरांना टॅग मारणं, लस देणं, नोंदी ठेवणं यात सगळी नोकरी गेली. आता भोरच्या एका छोट्या संस्थेत डॉक्युमेंटेशन, म्हणजे माहितीच्या पुस्तिका, लिहितो. शलाका मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बॉस त्याच. त्यांनी एक टूल बनवलं होतं. एजंटला प्रश्न विचारला की तो या टूलमधून जनावरांच्या नोंदी काढतो आणि उत्तर देतो. टूल रीड-ओन्ली, म्हणजे नोंद वाचता येते, खोडता किंवा बदलता येत नाही. पण कुठल्या रकान्यात काय आहे हे एजंटला आपोआप कळत नाही. ते लिहून द्यावं लागतं, आणि त्या लिखाणावर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो. ते लिखाण माझं. टूल तपासायचे तीस प्रश्नही माझेच.

चहा यायच्या आधी मोबाईल वाजला. धोंडाबाई होत्या. वेल्ह्याच्या डोंगरावरच्या एका वाडीत त्या शेळ्या राखतात. मी डॉक्टर नाही हे त्यांना मी कित्येक वर्षं सांगतोय.

"डाक्टर, सोमवारी लस हाय म्हनं. आमच्या वाडीला कवा येनार?"

यादी पाहिली. वाडीचं नावच नव्हतं. एजंटला टाइप करून विचारलं. उत्तर आलं, "या वाडीत शून्य शेळ्या आहेत. लसीकरणाची गरज नाही."

फोनमधून शेळ्या ओरडत होत्या.

"बाई, किती शेळ्या आहेत तुमच्याकडं?"

"चौदा हायत की. का वो?"

"कंप्युटर म्हणतोय एकही नाही."

"मंग हितं बोंबलतंय कोन? म्या?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ घाम फुटला. मागच्या साथीत धोंडाबाईंच्या दावणीला दोनच शेळ्या उरल्या होत्या. त्या दिवशी मी तिथं होतो. ते पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती. आणि यंदा खालच्या खोऱ्यात दोन कळपांत तोच ताप, तेच नाक गळणं सुरू झालं होतं. ही गाडी चुकली तर पुढची कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"शेळ्या कुणाच्या नावावर आहेत?"

"आंबवड्याच्या पावन्यांच्या. अर्धलीनं घेतल्यात न्हवं का! तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक नसायला काय झालं! अर्धल म्हणजे मालकाची शेळी दुसऱ्यानं सांभाळायची आणि होणारी पिल्लं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. मालक खाली आंबवड्यात नाहीतर शिवऱ्यात, शेळी वर डोंगरावर. नोकरीभर मी हेच पाहिलं. आणि खुर्चीत बसून लिहिलं काय, तर "गाव: जनावर ज्या गावात आहे ते." खरं म्हणजे त्या रकान्यात मालकाचं गाव असतं. शेळी कुठं आहे ते शेवटच्या 'मुक्काम' या रकान्यात. तो कोरा ठेवला म्हणून मी हाताखालच्या लोकांना झापायचो. त्याच्यापुढं मीच लिहून ठेवलं होतं, "इतर माहिती." स्वतःचीच लाज वाटली.

मॅडमना सगळं सांगितलं.

"पण काका, तीसपैकी तीस आले होते ना?"

"प्रश्न मीच काढले, उत्तरंही त्याच रकान्यांतून मीच ठरवली. माझी चूक मला कशी सापडणार?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "टूल बदलावं लागेल?"

"टूल ठीक आहे हो. माझी वाक्यं बदलावी लागतील."

दोन्ही ओळी नव्यानं लिहिल्या. खाली आणखी एक जोडली: काही सापडलं नाही तर 'नोंद सापडली नाही' असं सांग, 'जनावर नाही' असं सांगू नकोस. मग डोंगरावर शेळ्या राखणाऱ्या पाच-सहा जणांना फोन लावले. तुम्ही काय विचाराल ते विचारा, म्हटलं. उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर चरत होतं. असे नवे तीस प्रश्न जमले. जुन्या लिखाणावर त्यातले अकरा चुकले, नव्यावर एकच. ती शेळी आदल्याच दिवशी दुसऱ्याकडं गेली होती, अजून नोंद झाली नव्हती. टूलला ते कळणं शक्यच नव्हतं. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहून टाकलं.

नव्या यादीत तीन वाड्या वाढल्या. मॅडमनी गाडीवाल्याला फोन करून रस्ता बदलायला लावला.

सोमवारी मीही गाडीत बसलो. धोंडाबाईंनी पहिली शेळी गुडघ्यात धरली, मी सुई काढली, आणि शेळीनं माझ्या नडगीवर सणसणीत लाथ घातली.

"ह्ये घ्या तुमचं शून्य," धोंडाबाई म्हणाल्या. "लई लाथा मारतंय."

चौदावी सुई टोचून झाली तेव्हा मी तिथंच दगडावर बसलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं साथ शेजारच्या वाडीपर्यंत पोचली. धोंडाबाईंच्या चौदाही शेळ्या ठणठणीत राहिल्या.

तेव्हापासून मी लिहिलेल्या पुस्तिकेवर मी प्रश्न काढत नाही. ते काम धोंडाबाईंकडं आहे. आणि तीसपैकी तीस आले तर चहा सांगायच्या आधी डोंगरावर फोन लावतो.