चांगदेवकाकांचे निवांत किनारे

चांगदेवकाका मोठे लबाड गृहस्थ आहेत, हे आधीच सांगून टाकतो. डोंबिवलीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. गाडीत तंबू टाकून किनाऱ्याच्या रस्त्याने कोकणात उतरायचं आणि जिथे चिटपाखरू नाही अशा वाळूवर दोन दिवस राहून यायचं, हा त्यांचा दर हिवाळ्यातला नेम. अठरा वर्षं चाललाय. फोटो मात्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार. लांबच लांब किनारा, सुरूची झाडं, एक तंबू, माणूस एकही नाही. आम्ही बायकापोरांना घेऊन पार्किंग शोधत फिरायचं आणि ह्यांना अख्खा समुद्र एकट्याला! जागा विचारली की काका तोंडभरून पत्ता देत. त्या पत्त्यावर हमखास चार उंट आणि दहा वडापावच्या गाड्या निघत.

खरा प्रकार मला गेल्या वर्षी कळला, कारण मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो. एका गावात टपरीवर चहा घेताना काकांनी चेहरा जरा पाडला आणि हळूच विचारलं, "मसणवट कुठल्या अंगाला हो?" टपरीवाल्याने हातातली विडी टाकली, अदबीने रस्ता दाखवला आणि चहाचे पैसेही घेईना.

"ह्या प्रश्नावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही," गाडीत बसल्यावर काका खुशीत आले. "इकडे कितीतरी गावांचं स्मशान समुद्रालगत असतं. सपाट जागा, सावली, शांतता. गाववाले कामाशिवाय फिरकत नाहीत, पर्यटकांना पत्ता नाही. आपण चितेच्या शेडपासून दोनशे पावलं लांब राहायचं, कचरा करायचा नाही. पण अनिमेष, काकूला बोललास तर तंगडं तोडीन!"

शीलाकाकूंचं देवाधर्माचं भारी कडक. काका मूळचे सांगोल्याचे. बाविसाव्या वर्षी समुद्र पाहिला आणि वेडे झाले ते झालेच. काकू गुहागरकडच्या. "पाण्याकडे काय बघत बसायचं?" म्हणून त्या कधी सोबत गेल्या नाहीत. काका परतले की त्यांना दारातच थांबवून पायांवर तांब्याभर पाणी घालायच्या, कडुनिंबाचा पाला चावायला लावायच्या आणि तसंच न्हाणीत पिटाळायच्या. त्या वर्षी माझीही सुटका झाली नाही. "वाळू घरभर होते ना," काका तोंड वाकडं करून म्हणाले, "आणि बाहेरचं खाल्लेलं बाधू नये म्हणून पाला."

ह्या दिवाळीत काकांच्या हृदयात स्टेंट बसला. बाळकुमला राहणारा त्यांचा मुलगा सुशांत फर्मान काढून गेला. "बाबा, एकट्याने जाणं बंद. गाडी अनिमेष चालवेल आणि आई सोबत असेल तरच जायचं. नाहीतर तंबू मी घेऊन जातोय."

काका पुरते कात्रीत सापडले. काकू नसतील तर किनारा बंद. काकू आल्या आणि जागा कुठली ते त्यांना कळलं, तर कायमचा बंद. मी म्हटलं, एकदा साधं रिसॉर्ट बघा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय सोडला. काकू मात्र विचारताक्षणी "येते की" म्हणाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

किनारा सुंदरच होता. पण काका आल्याआल्या धावपळीला लागले. शेडमधला लोखंडी सांगाडा लांबूनही दिसत होता, म्हणून तिच्या खांबांना त्यांनी चादर बांधली.

"ती शेड कसली हो?" काकूंनी विचारलं.

"पर्यटन खात्याची. बांधून अर्धवट सोडलीय. सरकारी काम, तुला माहितीये ना."

"असं का," म्हणून काकूंनी सतरंजी पसरली आणि डब्यातल्या घावन-चटणीची पानं घेतली. स्टेंटवाला माणूस त्या उन्हात चादर सांभाळत उभा, आणि का, तर म्हणे विश्रांतीला आलाय!

चारच्या सुमारास एक म्हातारा काठी टेकत आला. आम्हा तिघांकडे, मग चादरीकडे पाहिलं आणि टोपी काढून अंमळ अंतरावर बसला. थोड्या वेळाने खाकरून म्हणाला, "बाकीची मानसं मागसून येतायत काय? लाकडा किती लागतील ती सांगा. वाडीतल्या पोरांना हाक मारतो."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मी खाली बघून वाळूत रेघोट्या मारू लागलो.

"नको हो भाऊ," काकू शांतपणे म्हणाल्या. "आमच्यातलं अजून कोणी गेलेलं नाही. ह्यांना इथे राहायला आवडतं."

म्हाताऱ्याने काकांना खालून वरपर्यंत न्याहाळलं, काकूंना नमस्कार केला आणि आला त्याच्या दुप्पट वेगाने निघून गेला.

काकूंनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला कडुनिंबाचा पाला काढला. डोंबिवलीहून आणलेला. "अठरा वर्षं दारात उभं करून पाला चावायला लावतेय, तो काय पोटासाठी? माझ्या माहेरचं स्मशान अशाच सुरूंमध्ये आहे. तुमचा पहिला फोटो बघितला आणि ओळखलं."

मी चांगल्या सात-आठ मयतांना जाऊन पाला चावून आलेला माणूस. माझ्याही डोक्यात प्रकाश पडू नये?

"मग बोलली का नाहीस?" काकांचा आवाज पार बसला होता.

"तुमची कंपनी बंद पडली तेव्हा सहा महिने भिंतीकडे बघत बसला होतात. माझी भीतीने झोप उडाली होती. मग असे कुठेतरी गेलात आणि शीळ घालत परत आलात." काकू पाल्याची पानं निवडत होत्या, वर बघत नव्हत्या. "मसणात गेलेलं माणूस हसत घरी येतंय. मी कशाला अडवू?"

काका उठले, शेडपर्यंत जाऊन खांबांची चादर सोडून आणली आणि ती काकूंच्या खांद्यावर घातली, कारण वारा सुटला होता. मग हात पुढे केला. काकूंनी त्यावर पाला ठेवला. काकांनी तो सावकाश चावला, आणि ह्या वेळी तोंड वाकडं केलं नाही.