सुरगाठ

बहिणीला गुवाहाटीत नोकरी लागली, म्हणून मी निजामपुऱ्यात एक जुनी मोटारसायकल घेतली आणि ट्रकने पाठवायला मानकोलीच्या गोदामात नेली. तिथला पॅकिंगवाला पूर्वी लूमवर कापड विणायचा. लहान मुलाला स्वेटर चढवावा तशा त्याने गाडीला चिंध्या गुंडाळल्या, वर गोणपाट चढवून दोरी आवळली. शेवटी मात्र निरगाठ न मारता सुरगाठ मारली.

"एवढ्या लांब जायचीय, सुटेल ना," मी म्हणालो.

"वाटेत न्हाय सुटायची. निरगाठ मारली तर ताई घाईनं ब्लेड चालवंल, टाकीवर ओरखडा जाईल. बांधताना सोडणाऱ्याचा पण हात बघायचा."

दहा-बारा दिवसांनी बहिणीचा फोन आला. मागे इंजिन धडधडत होतं.

"दादा, ब्लेड नुसतं हातातच राहिलं."