उंडाशाच्या काठची रावटी

उज्जैनच्या सरकारी फरासखान्यात, म्हणजे तंबू-रावट्यांच्या कोठारात, श्रीनाथ कारकून होता. आजा तिथेच, बापही तिथेच. सरदारांसाठी, साहेबांसाठी या घराण्याने जन्मभर तंबू ठोकवले, पण तंबूत झोपला म्हणाल तर एकही जण नाही! छप्पनच्या दसऱ्याला बातमी पक्की झाली. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार, तंबू सगळे भोपाळला जाणार. श्रीनाथने मनाशी ठरवलं, त्याआधी एक कोजागिरी उंडाशा तलावाच्या काठी रावटीत काढायची. आपण आणि जयू, बस्. पोरं शाळेत जायला लागली, तरी घरातल्या गर्दीत बायकोशी निवांत बोलायची सोय कधी झाली नव्हती.

साहेब भला माणूस. म्हणाला, "बरसात के बाद हवा तो लगानी ही है। ले जाओ एक।"

पण घरात कुणकुण लागली आणि माणिकआत्या दारात उभी. "जयू गेली तर माझं सोवळ्यातलं पाणी कोण भरणार? तू? त्यापेक्षा मीच येते."

आत्याला नाही म्हणायची त्या घरात कुणाची छाती? मग आत्या येते म्हणून रमेशकाका, काका येतो म्हणून काकू, पोरंसोरं. रावटी बघायला म्हणून आत्या फरासखान्यात आली आणि दोन पावलं मागे सरली.

"अरे मेल्या, जागोजाग चामडं! याच्याखाली मी फराळ करू?"

आत्या अडली की जयू अडली. श्रीनाथने काय करावं? बसला आणि रावटीच्या चामड्याच्या वाद्या कापून कापून सुताच्या दोऱ्या बांधल्या! वर स्वतःवर खूष.

कोजागिरीच्या सकाळी साहेब भोपाळला जायचा माल तपासायला हजर.

"श्रीनाथजी, चमड़ा कहाँ गया?"

"साहब, वो बुआजी को चमड़ा चलता नहीं..."

"भोपाल बुआजी जा रही हैं या तंबू?"

हुकूम झाला. उद्या सकाळी गाडी निघणार, तोवर रावटी होती तशी करा. देवासगेटवरून मोची आला. पण सरकारी माल, कारकुनाने समोरून हलायचं नाही.

फरासखान्याच्या दाराशी टांगे भरून उभे. जयू खाली उतरायला लागली. "मी थांबते यांच्याजवळ."

"आणि दूध कोण आटवणार?" आत्या टांग्यातून ओरडली. "उघड्यावरच बसू, चांगलंच आहे, विटाळ नाही. चलो भय्या!"

टांगे गेले. मोच्याची आर टोचत राहिली आणि श्रीनाथ कनातींच्या ढिगात बसून राहिला.

सकाळी सगळे परतले, तेव्हा रावटी गाडीत चढत होती. रमेशकाका म्हणाले, "काय हवा होती, श्रीनाथ! तू यायला हवं होतंस." आत्यानेही मान डोलावली.

मंडळी पुढे गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "तलाव कसा होता गं?"

जयूने धुराने लाल झालेले डोळे पुसले. "तोंड चुलीकडे होतं हो माझं. पाण्याचा आवाज येत होता मागून."